चप्पल काढून पाय बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बत्तीस वर्षं परिचारिका होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत गेली. मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरचा आजार, असं नाशिकमध्ये अजूनही सर्रास बोललं जातं. ते कानावर आलं की मला त्या खोलीबाहेरचा बाक आठवतो. अंबड-सातपूरला ठेकेदाराकडे लागलेले, मार्केट यार्डात हमाली करणारे, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून थेट आलेले, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया. त्यांत लठ्ठ माणूस क्वचितच दिसायचा.

यात नवल नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गावांमधल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आपली बाळं वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे दिसायला बारीक माणसालाही मधुमेहाचा धोका असतोच. पुढे २०१७ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगडच्या शहरी भागांत मधुमेहाचं प्रमाण वरच्या थरापेक्षा खालच्या आर्थिक थरात अधिक होतं. आजार केव्हाच वस्तीत उतरला आहे. पण मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. साखर दोघांची सारखीच असली, तरी पाय एकाचाच का जातो?

अंबडच्या एका कारखान्यातला शेहेचाळीस वर्षांचा माणूस माझ्याकडे यायचा. बुटात एक लोखंडी कीस शिरला होता आणि पूर्ण पाळी संपेपर्यंत त्याला ते कळलंच नाही. साखरेने तळव्याची जाणीव गेली होती. दुखत नाही म्हणून हळद-तेल लावून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायच्या कामावर गेला. तिसऱ्या आठवड्यात बायकोला वास आला, तेव्हा आमच्याकडे आणला. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल, आणि सात महिन्यांनी गुडघ्याखालून पाय. त्याच महिन्यात, अगदी तशीच जखम झालेले एक निवृत्त अधिकारी ड्रेसिंगला येत. जखम दिसली त्याच संध्याकाळी मुलाने त्यांना गाडीत घालून आणलं होतं. पाच आठवडे ते घरी पाय वर करून बसले आणि जखम भरली. दोघांना औषध एकच, ड्रेसिंग करणारे हातही माझेच.

पायाच्या अशा जखमेवरचं खरं औषध म्हणजे पायावर भार न टाकणं. अँटिबायोटिक आणि ड्रेसिंगही लागतं, पण त्याच्याशिवाय ते पुरं पडत नाही. आणि हे औषध कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ते रजेच्या रूपात मिळतं. ज्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल, त्याला मी "महिनाभर पाय टेकवू नका" असं सांगायचे, तेव्हा तो मान हलवायचा आणि मला कळायचं की उद्या हा कामावर जाणार. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, नाव असेल आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर आजारपणात ७० टक्के मजुरी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण त्या माणसाचं नाव ठेकेदाराने नोंदवलंच नव्हतं.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आता सर्वांसाठी आहे, पाच लाखांपर्यंत. पण ती मुख्यतः भरती झालेल्यांसाठी आहे. पाय काढायची वेळ आली, डायलिसिस लागलं, की योजना धावून येते. त्याच्या आधीची दहा वर्षं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर तपासणं, डोळ्याचा पडदा बघणं, चांगली चप्पल, हे बरंचसं रुग्णाच्या खिशावर आणि सवडीवर. ओपीडी सकाळची, कामाची पाळीही सकाळची. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा असं सांगताना घरात फ्रिज आहे का, हे आम्हीही कित्येकदा विचारलं नाही. माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवतात हे मला एका आजींनी सांगितलं, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

आपल्याकडेच असं आहे असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात (२०१४) मधुमेहींचे पाय कापले जाण्याचं प्रमाण श्रीमंत आणि गरीब वस्त्यांमध्ये दहापट वेगळं निघालं होतं. आपल्या शहरात ते किती आहे? प्रभागवार असा आकडा महापालिकेने काढून जाहीर करावा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी चपलेची. कुष्ठरोगात तळवे बधिर झालेल्यांना शासन कित्येक वर्षं मऊ रबराच्या एमसीआर चपला देत आलं आहे. साखरेने बधिर झालेल्या पायाला वेगळं काय हवं? त्याच चपला मधुमेहींनाही द्या. कुंभमेळा २०२७ मध्ये आहे. तापलेल्या घाटांवर, चैत्रात सप्तशृंगगडाच्या वाटेवर, श्रावणातल्या ब्रह्मगिरी फेरीत लोक अनवाणी चालतात आणि घरी गेल्यावर तळव्याला फोड दिसतो. चप्पल घातली म्हणून देव रागावत नाही, हे महाराजांनी आणि कीर्तनकारांनी सांगितलं तर आमच्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

तिसरी मागणी अगदी बिनखर्चाची आहे. संध्याकाळी उघड्या असणाऱ्या दवाखान्यांत आठवड्याचा एक वार पायांसाठी ठेवा. त्या दिवशी प्रत्येक मधुमेहीची चप्पल, बूट, मोजे काढून तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो असा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून जाणीव आहे का ते तपासायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आशाताईही शिकू शकतात. शिकवायला माणूस हवा असेल तर सातपूर, अंबड, पंचवटी, कुठेही मी यायला तयार आहे. माझ्याकडे तंतू आहे आणि संध्याकाळ मोकळी असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
सिडको, नाशिक