भयपटावरचा शोधप्रकल्प: याद्या पुरे, कारणे शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत एम.ए. इंग्रजीच्या शोधप्रकल्पासाठी अमेरिकन भयसाहित्य आणि त्यावरचे चित्रपट हा विषय विद्यार्थी आवडीने घेतात. विषय उत्तम आहे, पण गाडी ठरलेल्या जागी अडते. पुस्तकात काय होते, चित्रपटाने काय गाळले, याची यादी होते आणि शेवटी ‘चित्रपट मूळ कलाकृतीला न्याय देत नाही’ असा शेरा. यादी हा कच्चा माल आहे. बदल का करावा लागला, हे शोधायला लागल्यावर अभ्यास सुरू होतो.

एडगर ॲलन पोची ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’ (१८३९) ही कथा आणि रॉजर कॉर्मनचा १९६० चा चित्रपट घ्या. कथेतल्या निवेदकाला नाव नाही; तो रॉडरिक अशरचा बालमित्र आहे. चित्रपटात तोच फिलिप होतो आणि रॉडरिकच्या बहिणीचा, मॅडलिनचा, नियोजित वर म्हणून दारात उभा राहतो. कथेतला मित्र पाहतो, घाबरतो, पळतो. गोष्ट चालते ती त्याच्या सांगण्याच्या सुरावर. पडद्यावर तो सूर हरवतो. मग सुमारे ऐंशी मिनिटे ओढून न्यायला कोणाला तरी काही हवे असावे लागते. फिलिपला मॅडलिन हवी, भावाला ती वाड्याबाहेर जायला नको. शेवटही असाच तपासावा. पोने सुरुवातीलाच छतापासून तळ्यापर्यंत नागमोडी उतरणारी, जेमतेम दिसणारी भेग दाखवून ठेवली आहे. शेवटी तीच रुंदावते, तिच्यातून रक्तासारखा लाल चंद्र दिसतो आणि वाडा तळ्यात जातो. चित्रपटातला वाडा आधी पेटतो, कारण रंगीत, रुंद पडद्याला आग शोभते.

पद्धत साधी आहे. आधी पुस्तक वाचावे, मग चित्रपट न थांबवता एकदा पाहावा. त्यानंतर तीनच प्रसंग निवडून वहीत चार रकाने आखावेत: पुस्तकातले प्रकरण, चित्रपटातली वेळ, कोणाच्या नजरेतून दिसते, काय ऐकू येते. शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो, आणि भयपटात नेमके तिथेच सारे घडते. शर्ली जॅक्सनच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’ या कादंबरीत (१९५९) नायिका एलेनर अंधारात सोबतच्या थिओचा हात घट्ट धरून पडलेली असते. उजेड होतो तेव्हा थिओ दुसऱ्या पलंगावर असते. मग हात कोणाचा होता? तिच्यावरच्या रॉबर्ट वाइजच्या १९६३ च्या चित्रपटातही भूत दिसत नाही. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीकडे जातो आणि भीती आवाजातून येते. हा प्रसंग मोबाइलच्या स्पीकरवर पाहिला तर हाती काही लागत नाही. हेडफोन लावावा, आणि डब केलेली प्रत तर घेऊच नये.

कोणती प्रत पाहिली, हेही लिहावेच लागते. स्टीफन किंगच्या कादंबरीवरचा ‘द शायनिंग’ (१९८०) हा चित्रपट अमेरिकेत १४४ मिनिटांचा, तर युरोपात ११९ मिनिटांचा आहे. छोटी प्रत पाहून ‘दिग्दर्शकाने हे गाळले’ असे लिहिले की सगळा युक्तिवाद कोसळतो. पुस्तकाचेही तसेच: आवृत्तीगणिक पान बदलते, म्हणून प्रकरणाचा क्रमांक द्यावा. पोच्या ‘अशर’ कथेच्याच नावाची २०२३ ची आठ भागांची मालिकाही आहे. तिच्यात त्याच्या अनेक कथा मिसळल्या आहेत. इंटरनेटवरचे सारांश वाचून लिहिणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

किनवट किंवा सेनगावच्या ग्रंथालयात कादंबरी मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण पोच्या कथा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर मोफत आहेत, आणि विषय ठरवण्याआधी शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) चाळली तर आधी कोणी काय केले ते कळते.

एक विनंती विभागप्रमुखांना. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या कथा मराठीत रुजवल्या, आणि ‘तुंबाड’च्या (२०१८) मुळाशी धारपांचीच एक कथा आहे. इंग्रजी कथा, मराठी कथा, चित्रपट ही तिहेरी वाट आपल्या विद्यार्थ्यांच्या अगदी हाताशी आहे. अशा प्रकल्पांना मराठी विभागातला सहमार्गदर्शक द्यावा, आणि तो विषय मंजूर होतानाच द्यावा.

– इंग्रजी साहित्याचे काही अध्यापक, नांदेड