महाद्वार रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरास

बाळा,

नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. फोन अजून मिळालेला नाही. तरी हे पत्र लिहिते आहे.

त्या शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी होती. अस्तर आणि हुकांची पाकिटं घेतली, पैसे द्यायला पिशवीत हात घातला, तर चेन उघडी आणि फोन गायब. समोर तुझं दुकान दिसलं, तशी आत शिरले.

मी २२ वर्षं ब्लाउज शिवते. गिऱ्हाइक बायका गळा कसा बसलाय, बाही कुठं ओढतेय हे दाखवायला स्वतःचे फोटो काढून पाठवतात. विश्वासानं पाठवतात. फोन गेल्याचं दुःख होतंच, पण माझ्या पोटात गोळा आला तो त्या फोटोंमुळं. तुला एवढंच म्हणाले, "त्यात दुसऱ्यांचं आहे रे." तू पुढं एक अक्षर विचारलं नाहीस.

तुझ्या फोनवर गुगलचं फाइंड हब, म्हणजे हरवलेला फोन शोधायचं ॲप, उघडलंस, पाहुणा म्हणून माझं खातं टाकायला दिलंस, आणि मी पासवर्ड लिहिताना मान वळवून भिंतीकडं बघत राहिलास. ते मी विसरणार नाही. नकाशावर ठिपका दिसला, गंगावेशीकडं सरकत होता. मी रिक्षा करून निघाले होते. तू हात आडवा घातलास. "मावशी, एकट्यानं ठिपक्यामागं जायचं नाही. आधी कुलूप." फोन लॉक केलास, पडद्यावर दुकानाचा नंबर आणि 'कृपया परत करा' असं लिहिलंस. रिंग वाजवू का, असं मी विचारलं. घरात गादीखाली राहिला असता तर वाजवला असता म्हणालास, सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं वाजतो. पण चोराच्या हातात असेल तर तो सावध होऊन बंदच करेल.

सगळं पुसून टाक, असंही मी म्हणाले होते. पुसला की ठिपका दिसायचा नाही, हे तू समजावलंस. त्याआधी बँकेला फोन लावून यूपीआय बंद करायला लावलंस. शिवाजी पुलाच्या अलीकडं ठिपका थांबला, आणि मग फक्त शेवटची वेळ दिसत राहिली. फोन बंद केला होता त्यानं.

तेव्हा तू म्हणालास, "आता पुसायचं का, ते तुम्हीच ठरवा." मी हो म्हणाले. फोन पुन्हा नेटला लागला की आपोआप पुसला जाईल, असं सांगितलंस. जाताना माझं खातं तुझ्या फोनमधून बाहेर काढलंस आणि पडदा माझ्याकडं वळवून दाखवलास.

रात्री घरी माळ्यावरून फोनचा खोका काढला. त्यावरचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तू मागितला होतास. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, कारण ओटीपी त्याच नंबरावर येतो. मग तुझ्याच दुकानातल्या स्टुलावर बसून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, हरवलेले फोन बंद करायच्या सीईआयआर या सोयीतून, फोन ब्लॉक केला. आता त्यात कुठलंही सिम घातलं तरी भारतातल्या कुठल्याच कंपनीचं नेटवर्क चालायचं नाही, आणि सापडला तर तिथूनच पुन्हा चालू करून घेता येईल.

त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगितलं, माझा फोन गेला, लगेच लॉक केलाय, पुसायलाही लावलाय. एकीनंही काम काढून नेलं नाही. तू पैसे घेतले नाहीस, ते माझ्या मनाला लागून राहिलंय. तुझ्या आईचं माप घेऊन ये. दिवाळीचं ब्लाउज माझ्याकडून, शिलाई घेणार नाही.

तुझी मावशी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर