शहापूर ते राजहंसगड, जागच्या जागी

शहापूर, बेळगाव
आषाढातला रविवार, सकाळपासून झड

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, सोसायटीच्या जिममधल्या क्रॉस ट्रेनरवर वीस मिनिटं काढणं म्हणजे लग्नात दुसऱ्या पंगतीची वाट बघत उभं राहणं. मी हसलो आणि तुझ्या मुलाच्या ॲडमिशनचं विचारलं. कारण फोनवर तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे. शिवाय शेवटी तुला एक गोष्ट विचारायची आहे. म्हणून हे पत्र. बसून वाच. नाहीतर त्या मशीनवर उभा राहून वाचशील आणि पडशील. मी पडलोय, सांगतो पुढे.

माझ्याकडे ट्रेडमिल आली ती डॉक्टरांमुळे. दिवाळीनंतर छातीत एकदोनदा चमकलं म्हणून ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती स्ट्रेस टेस्ट केली. टेस्ट चांगली आली, साखर मात्र काठावर. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालायचं, खंड पाडायचा नाही. उन्हाळाभर मी गुणी मुलासारखा पहाटे व्हॅक्सिन डेपोत जात होतो. तिथल्या झाडांखाली चालायला कंटाळा असा येतच नाही, निम्मं गाव भेटतं. पण आपला पाऊस तुला ठाऊक आहे. मिरगात धरला की गणपतीपर्यंत सोडत नाही. एकदा छत्री उलटी झाली, एकदा कुत्री मागं लागली, आणि तिसऱ्यांदा गुडघा मुरगळून घरी आलो तेव्हा बायकोनं कुणाकडून तरी वापरलेली ट्रेडमिल स्वस्तात मिळवली आणि माडीवर आणून ठेवली. आता सकाळी तिच्यावर वाळत घातलेले कपडे काढायचे, हाच माझा वॉर्मअप.

पहिले आठ दिवस काय झालं सांगू? मी चालत नव्हतो रे, मी आकडा बघत होतो. समोरच्या पडद्यावर मिनिटं दिसतात ना, ती. वाटायचं दहा झाली असतील, बघावं तर चार. मग ठरवायचं, आता नाहीच बघायचं. खूप वेळ नाही बघितलं असं वाटून मान खाली घातली की पाच. टीव्ही लावून बघितला, जाहिराती लागल्या की पाय आपोआप मंद व्हायचे. मोबाईल बघितला तर मान दुखली. गाणी ठीक वाटली, पण चाल जलद गाण्याची आणि पाय माझे, दोघांचं जमेना. मग एक दिवस पेपर वाचत चालायचं ठरवलं. पान उलटताना डावा पाय पट्ट्यावरून कडेच्या फळीवर गेला, उजवा मागं मागं गेला, आणि मी पेपरासकट भिंतीला. कोपर सोललं. पडलं की मशीन बंद करणारी ती लाल दोरीची क्लिप शर्टाला लावायची असते, ती मी मशीनच्या कडीला शोभेसारखी लटकवून ठेवली होती. तू लावतोस ना? लाव.

आवाज ऐकून समोरची आक्का वर आली. तीच रे, हातमागावर लुगडी विणणारी, आपण तिच्या खिडकीशी उभं राहून धोटा इकडून तिकडे पळताना बघायचो ती. आता ऐंशीच्या पुढे आहे, पण जिने चढते. मशीन बंद करून मी कोपराला हळद लावत बसलो होतो. तिनं पट्टा बघितला, चालू करून दाखव म्हणाली, दोन मिनिटं मला चालताना बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "आम्ही पण जन्मभर जागच्या जागीच पाय हालवलो की. पण सांजंला लुगडं तरी निघत होतं. तुझ्यातनं काय निघतंय?"

मी म्हटलं, घाम.

"घाम आम्हाला पण येत होता. फुकट."

बाळ्या, चार दिवस ते डोक्यातून गेलं नाही. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या, हातानं धोटा मारायचा, दिवसभर. वडगाव-खासबागची निम्मी घरं त्यावर चालायची. तिला कधी कंटाळा आला होता का, हे विचारलं तर म्हणाली, "आला तर कुणाला सांगायचं?" पण मग स्वतःच म्हणाली की काठ विणताना येत नव्हता, मधलं कोरं अंग विणताना यायचा. काठाला लक्ष लागतं, धागे मोजावे लागतात.

त्याच आठवड्यात मुलीनं मला या यंत्राचा पूर्वज सांगितला, माझी चेष्टा करायला म्हणून. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरनं तुरुंगासाठी पायऱ्यांचं मोठं चाक काढलं. कैदी रिकामे बसतात हे त्याला बघवेना. कैद्यांनी ओळीनं उभं राहून त्या पायऱ्या चढत राहायचं, चाक त्यांच्या पायाखाली फिरत राहायचं, ते आपले तिथंच. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात १८२१ मध्ये ते बसवलं. काही ठिकाणी त्यावर दळण व्हायचं. काही ठिकाणी मात्र त्या चाकाला काहीच जोडलेलं नसायचं, नुसतं वारं दळायचं. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडातून ती शिक्षा गेली. आपण हिंडलग्याच्या तुरुंगाच्या भिंतीजवळून सायकली हाणताना आत कोण काय करत असेल याच्या गप्पा मारायचो, आठवतं? आता तीच शिक्षा मी भोगतोय, आत नव्हे, माडीवर, आणि पैसे मोजून.

आणि आणखी एक तिनं सांगितलं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विद्यापीठात एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवायचं, मोबाईल नाही, पुस्तक नाही, फक्त विचार करा. जवळ एक बटण, दाबलं तर विजेचा झटका. हा झटका टळावा म्हणून पैसे देऊ, असं जे आधी म्हणाले होते त्यांच्यातल्याच १८ पुरुषांपैकी १२ जणांनी नुसतं बसवेना म्हणून बटण दाबलं. बायका २४ होत्या, त्यातल्या सहा जणींनीच. बायकोला हे ऐकून जराही आश्चर्य वाटलं नाही. मी म्हटलं, हा प्रयोग आपल्याकडे जमायचा नाही, ऐन वेळी करंट जाईल.

करंट गेला की ट्रेडमिलचं काय होतं ते तुला तिकडे कळणार नाही. पट्टा हळूच थांबतो आणि आपण जरा पुढे झुकून उभे. आकडे पुसले जातात. बावीस मिनिटं चाललेला माणूस आणि आत्ता चढलेला माणूस, दोघं सारखेच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चिडलो. दुसऱ्यांदा झालं तेव्हा लक्षात आलं, आकडे नव्हते तेव्हा माझा श्वास, पाऊस, आणि खालच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा आवाज बंद पडल्याची शांतता, हे सगळं ऐकू आलं होतं. करंट आल्यावर मी पडद्यावर पंचा टाकला. तो आजतागायत आहे. वेळ संपली की घड्याळाचा गजर वाजतो, तेवढं बास.

दुसरी गोष्ट त्या स्ट्रेस टेस्टनंच शिकवली. ती टेस्ट ज्या पद्धतीनं घेतात ती रॉबर्ट ब्रूस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९६३ मध्ये मांडली. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे आजीबरोबर देवळात जाण्याची चाल, पण चढ दहा टक्के. तीन मिनिटांनी ४ किलोमीटर आणि चढ बारा. पुढच्या तीन मिनिटांनी साडेपाच आणि चढ चौदा. छातीला वायरी चिकटवलेल्या, नर्सबाई कन्नडमध्ये दुसऱ्या नर्सबाईला तिच्या नणंदेचं सांगताहेत, आणि मी घाबरलेला. पण कंटाळा? छे. दर तीन मिनिटांनी काहीतरी बदलत होतं ना. आक्काच्या भाषेत सगळा काठच, कोरं अंग नाहीच. आता मी तेवढे चढ घेत नाही, गुडघ्याची भीती आहे. पण दर तीन मिनिटांनी एक टक्का वर, मग तीन मिनिटं खाली. तुझ्या मशीनवर जडपणा कमीजास्त करायचं बटण असेल, ते वापर. आणि दांड्याला लोंबकळू नकोस. हातावर भार टाकला की पायाचं काम चोरीला जातं. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा दम पुरे. तसंही तू गाऊ नयेस हेच बरं.

आता खरी गोष्ट. पंचा टाकला तरी डोकं रिकामं राहतंच. एक दिवस सहज वाटलं, आपण श्रावणी सोमवारी राजहंसगडाला चालत जायचो, ती वाट धरावी. डोळे उघडे ठेवूनच, हं. आपल्या गल्लीतून निघालो, नाथ पै सर्कल, खासबाग, वडगाव. ताशी पाच किलोमीटरनं चाळीस मिनिटं, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या वर जातं. पहिल्या दिवशी वडगाव सोडून थोडा पुढे गेलो असेन. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. नियम एकच: जे नीट आठवत नाही ते ओलांडायचं नाही. कोपऱ्यावर काय होतं ते दिसेपर्यंत तिथंच पाय मारत राहायचं.

कंटाळा पहिल्याच दिवशी पळाला. उलट गजर वाजला की राग यायला लागला. वडगावात ती पिठाची गिरणी डाव्या हाताला की उजव्या, यात एक अख्खी सकाळ गेली. डाव्या. कारण परत येताना ऊन त्या बाजूनं तोंडावर यायचं आणि पट्ट्यापाशी पिठाची धूळ उन्हात उडताना दिसायची. मग शेतं सुरू. बळ्ळारी नाला, नाल्याला पाणी चढलेलं, दोन्ही बाजूंना भात गुडघ्याएवढा, आणि बासमतीचा तो वास, तो तर नाकात खरंच आला. पुढे तिथं बायपासचं काम निघालं, पण माझ्या वाटेवर तो नाही. येळ्ळूरच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा सीमाप्रश्नातला फलकही माझ्या वाटेवर अजून तसाच आहे, जुलै २०१४ मध्ये तो काढला आणि काय काय झालं ते तू पेपरात वाचलंस, मी इथं बघितलं. तो विषय वाढवत नाही. एवढंच सांगतो, रोज तिथून जातो आणि फलक रोज उभा असतो. आणि गडावर महाराजांचा मोठा पुतळा २०२३ मध्ये झाला, मुलीनं त्याच्यासमोर फोटो काढलाय, पण माझ्या गडावर अजून नुसती तटबंदी, वारा आणि सिद्धेश्वराचं देऊळ.

आक्काला हे सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "नाल्याच्या अलीकडं चिंचेचं झाड धरलास का?" मी नव्हतं धरलं. दुसऱ्या दिवशी परत मागं जावं लागलं.

तर अशी वाट काढत काढत मी आठव्या दिवशी गडावर पोचलो, आणि अडकलो. आपण आठवीतले, १९८४ चा श्रावण. पाऊस थांबलेला. चढावर तुझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो तू सुतळीनं बांधलास. माझ्या खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा, आईनं उपास म्हणून दिलेला, तो ओला होऊन खिशाला चिकटला होता. इथवर सगळं लख्ख आहे. मग देऊळ. आपण आत. पिंडीवर बेलाची ओली पानं, थंडगार फरशी. बाहेर पायरीवर चपला. तुझी सुतळीवाली. माझी, बापूंची जुनी, दोन बोटं मोठी. आणि शेजारी तिसरा जोड. काळ्या रबरी चपला, डावीची टाच झिजलेली, नीट जुळवून ठेवलेल्या. आपण दोघं कधी चपला जुळवून ठेवायचो?

त्यावर मी पाच सकाळी घालवल्या. वडगावपासून परत निघून बघितलं, मागं कोण चालतंय म्हणून. येळ्ळूरपर्यंत आपण दोघंच दिसतो, तू बडबडतोस आणि मी शेंगदाणे खातो. पण शेंगदाण्यांचे मी तीन वाटे केलेले आठवतात. वर्गातली पोरं एकेक करून आठवली, कुणाचीच टाच जुळत नाही. बायको म्हणते, दुसऱ्या कुणा भक्ताच्या चपला असतील, एवढं काय. असतील. पण मग तिसरा वाटा कुणाला दिला?

तुला आठवत असेल तर कळव. फोन करू नकोस, लिही, म्हणजे तू मधेच दुसरीकडे भरकटणार नाहीस. आठवत नसेल तर उद्या सकाळी त्या क्रॉस ट्रेनरच्या पडद्यावर टॉवेल टाक आणि तू तुझ्या घरापासून निघ. तुझं घर खासबागेच्या अंगाला, म्हणजे तू मला वाटेत भेटायचास. तुझ्याबरोबर कुणी होतं का ते तुलाच दिसेल. गणपतीला येशील तेव्हा कुंदा आणून ठेवतो, साखरेचं काय ते आपण दोघं बघून घेऊ. वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तोवर मी पायरीशीच आहे, रोज सकाळी सहा ते सहा चाळीस.

तुझा,
नंदू