खाणावळीची वही

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांना ऐकू येत नाही आणि आई ‘बरं बरं’ करून ठेवून देते, म्हणून लिहितेच.

१४ ऑगस्टला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ जणांना चाव्या दिल्या, त्यात आपली एक. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट. आई, संडास घरात! पहिल्या रात्री मी दोनदा उठून नुसता दिवा लावून बघून आले. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांतले किती जण सकाळी डबा घेऊन रांगेत उभे होते, देव जाणे. तू चारला उठून पिंप भरायचीस, वर सात जणांचे डबे.

बाबा, शेजार विचाराल तर सांगते. घरं सोडतीने मिळाली, त्यामुळे आपल्या मजल्यावरची माणसं पत्ते पिसल्यासारखी विखुरली. समोरचं दार बंदच असतं. आमचंही असतं म्हणा.

तुम्ही म्हणता, टॉवरने चाळ मोडली. खोकी उघडताना आईची खाणावळीची वही हाती लागली आणि मला तसं वाटेनासं झालं. जानेवारी १९८२, सात नावं. पुढे १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप. मार्चच्या पानावर चार, मेमध्ये दोन. खोडलेल्या प्रत्येक नावापुढे बाबांच्या अक्षरात ‘गावी गेला’. शेजारच्या गाळ्यात पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. त्या वर्षी तिथल्या वळकट्या भिंतीला तशाच टेकून होत्या, एवढं मला आठवतं. मी तेव्हा दहा वर्षांची. चाळ उभी होती अजून चाळीस वर्षं, पण तिच्यातली माणसं तेव्हाच निघाली होती. उरलेल्यांच्या पोरांनी पुढे गिरण्यांच्या जागी झालेल्या मॉलमध्ये सिक्युरिटीचे गणवेश घातले. आपला दादाही त्यातलाच.

वहीत एकाकडे ८४ रुपये येणं आहे. आई, तू कधी मागितलेस का गं?

दसऱ्याला या. बाबांना लिफ्टमध्ये घाबरायला होतं, तर मी खाली न्यायला येईन. पिंप आणू नका, ठेवायला मोरीत जागा नाही. वही कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय. टाकायची की ठेवायची, ते तू आलीस की बघू.

तुमची,
सुमा