माटोळी घरीच बांधूया

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंदाच्या गणेश चवथीला देवावर रानातल्या-परसातल्या फळापानांची माटोळी बांधायची नाही, प्लास्टिकच्या फळांची तयार आरास आणून टांगायची, असं तुमचं ठरत आलंय हे दादाकडून कळलं. कारण समजतं. बाबांचे गुडघे शिडीवर चढायला तयार नाहीत, आणि श्रावणात कुळागराची, म्हणजे आपल्या नारळी-पोफळीच्या बागेची, पायवाट शेवाळलेली असते. तरी माझी विनंती आहे की हा बेत सोडा. अंगमेहनत आम्ही करू. काय कुठे बांधायचं, कशाचं नाव काय, कुठली फांदी तोडायची आणि कुठली राखायची, हे मात्र तुम्हीच सांगायला हवं, कारण आमच्या पिढीत ते पुरतं कोणालाच येत नाही.

मातीचा गणपती आणि मखर सगळीकडे असतं. देवाच्या डोक्यावर भाद्रपदातलं रान आणि परस एकत्र टांगायचं, ही रीत गोव्याची आणि लगतच्या कोकणाची. तिचं मोल आपल्यासारख्या घरांना जास्त आहे, कारण आपण मूळचे अंत्रुजातले, म्हणजे फोंडा महालातले, नव्हेत. सासष्टी-तिसवाडीतली देवळं मोडायला लागली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, आणि देवांमागून माणसं आली. फोंडा महाल 1763 पर्यंत पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, म्हणून नदीच्या या काठाला आसरा मिळाला. तिकडे जे राहिले त्यांच्यावर 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचा, पहारा होता. उघडपणे मूर्ती पुजणं जिवावरचं काम. म्हणून कोणी पत्रीतच गणपती मानला, कोणी कागदावरच्या चित्रात. काही घराण्यांत आजही मूर्ती येत नाही, पत्रीच पुजतात. जिथे पानाफुलांनी देवाची जागा राखली, तिथे देवावर प्लास्टिकची फळं टांगायची, हे मला पटत नाही.

आता कामाचं. बाबांना शिडीवर चढावं लागणार नाही असा उपाय आहे. माटोळीची आपली लाकडी चौकट सहा बाय चार फुटांची. ती वर टांगून मग एकेक जिन्नस बांधत बसायचं, ही आजवरची पद्धत. त्याऐवजी चौकट दोन बाकांवर कमरेच्या उंचीला ठेवायची, जड जिन्नस तिथेच बांधायचे आणि मग कप्पीने वर घ्यायची. बाबा, विहिरीची जुनी कप्पी माळ्यावर असेल तर तीच चालेल. तुम्ही खुर्चीवर बसून अर्धी माटोळी बांधू शकाल.

वजनाचा अंदाज लोक हमखास चुकवतात. सालीसकट नारळ दीड किलोचा धरला तर आठांची पेंड 12 किलो. केळ्यांचा घड तेवढाच किंवा थोडा जास्त. सुपारीचं शिपटं, तोरिंगं (पपनस), काकड्या, चिबूड धरून 50 किलो सहज होतात. म्हणून आधी तुळईच्या कड्या बघायच्या. कडीभोवतालचं लाकूड टोच्याने टोचलं आणि भुसा आला तर वाळवी आहे, तिथे वजन द्यायचंच नाही. वर ओढायला नायलॉनचा जाड दोर घ्या. चौकट वर पोचली की चारी कोपऱ्यांना वेगळ्या साखळ्या लावायच्या, म्हणजे सगळा भार एका दोरावर राहत नाही. देवाच्या मुकुटापासून सगळ्यात खालच्या फळापर्यंत दीड हात मोकळे हवेत, नाहीतर आरतीच्या ज्योतीने पानं होरपळतात.

जिन्नस बांधायला मात्र नायलॉन नको. ओल्या देठावर तो सरकतो आणि मध्यरात्री काकडी धप्पकन खाली येते. त्याला कुमयाच्या झाडाच्या सालीचे दोरच हवेत. ओले असताना हवे तसे वळतात आणि सुकले की गाठ हलत नाही. जड वस्तू समोरासमोरच्या कोपऱ्यांत यायला हव्यात, नारळाच्या पेंडीसमोर केळ्यांचा घड. एका बाजूला भार गेला की चौकट कलते आणि मग कितीही ओढा, सरळ होत नाही. घड आदल्या दिवशी तोडून चीक निथळू द्यायचा, तो मूर्तीवर ठिबकला तर डाग जात नाही. चिबूड पिकला की फुटतो. तो अर्धकच्चा, देठासकट घ्यायचा आणि शिंक्यात घालून कडेला टांगायचा, मूर्तीच्या वर कधीच नाही. दोडकी आणि पडवळ लोंबतात, ती चौकट वर गेल्यावर बांधायची. आंब्याचे टाळे, आणि रानातले कांगलांचे घोस, घागऱ्या, हरण या रोपाची पिवळी फुलं तर अगदी शेवटी, तयेच्या (हरितालिकेच्या) रात्री, म्हणजे चवथीला ताजी दिसतात.

एका बाबतीत कडक राहूया. कवंडळाचं लाल फळ आणि कळलावीची फुलं दिसायला सुंदर, पण दोन्ही वनस्पती विषारी. ती मुलांचा हात पोचणार नाही अशी मधोमध वर बांधायची. विसर्जनानंतर माटोळी उतरवून सगळा पाला गाईपुढे टाकतात, तेव्हा ही दोन, तसंच घागऱ्या आणि हरणाची फुलंही, वेगळी काढून पुरायची.

रानातलं किती आणायचं, यावरही मला बोलायचंय. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेमुळे तरुण पोरं पुन्हा रानात जायला लागली, ही फार चांगली गोष्ट आहे. पण जिन्नसांची संख्या वाढवायच्या नादात वेलच्या वेल मुळासकट उपटले जातात आणि पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. आपल्याला शेकडो प्रकार नकोत. घोसातला एक तुरा घ्यायचा, बाकी बी पडायला ठेवायचं. जे कुळागरात नाही ते फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात घ्यायचं, आणि आई, तिथे घासाघीस नको. सत्तरी-सांग्याहून पहाटे पाटी घेऊन येणाऱ्या त्या बायकांना रान जितकं कळतं तितकं आपल्या घरात कोणालाच कळत नाही. गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये. गोव्याचं रान त्यांनी त्याआधी कित्येक पिढ्या जाणलं आणि जपलं. आपण माटोळीला आपला वारसा म्हणतो तेव्हा त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो पैशात तरी नीट चुकता झाला पाहिजे. आपल्याकडे सोवळ्याच्या नावाखाली अशा माणसांना ओसरीवरच थांबवायचे, तेही मनापासून बंद करूया. माटोळी बांधायला जो हात लावेल तो आत येईल.

नव्याच्या कणसांचंही तसंच. चवथीत आपण दाराला भाताची नवी कणसं बांधतो. राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला ख्रिस्ती शेतकरी नवी कणसं कापून आशीर्वादाला नेतात. शेत एक, पीक एक, रीतही जवळपास एक. शेजारच्या मावशी दरवर्षी कणसं देतात, त्यांना यंदा आरतीच्या वेळी बोलवा. घुमट, कातडं मढवलेलं ते मातीचं वाद्य, त्यांच्या मांडो गाण्यांनाही लागतं आणि आपल्या आरतीलाही. घुमटाचं म्हणाल तर घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आहे, आता बकऱ्याचं कातडं मढवतात. पावसाळी हवेत ते सैल पडून आवाज बसतो. वाजवण्याआधी थोडी ऊब द्यायची, निखाऱ्याच्या फार जवळ मात्र न्यायचं नाही, ते तडकतं. साथीचा शामेळ (ढोल) आणि कांसाळं (झांज) चुलतभावांकडे आहेत.

घरात बोलायचं कोंकणीत, आरत्या म्हणायच्या मराठीत, हे बाहेरच्यांना कोडं वाटतं. नातवंडांना तसं वाटू नये एवढं मला हवंय. म्हणून बाबा, बांधताना प्रत्येक जिन्नस आधी त्यांच्या हातात द्या, नाव सांगा, झाड कुठे आहे तेही सांगा. थोरलीला वही घेऊन बसवते. तिने पान चिकटवून खाली नाव लिहायचं, कोंकणीतलं आणि मराठीतलं दोन्ही.

दादा शनिवारी कड्या तपासायला येईल. त्याला शिडी धरायला गडी लागेल, तुम्ही धरायची नाही. आई, खतखत्याच्या भाजीला त्रिफळं आणि पातोळ्यांना हळदीची पानं मी बघते, तू फक्त नारळ किती लागतील ते कळव, म्हणजे पेंडीतले धरून हिशेब करता येईल.

तुमची,
लेक