इंटरचेंजचा आराखडा नदीकाठापासून सुरू व्हावा

माननीय संपादक,
स. न.

शहरातून जाणाऱ्या महामार्गाचा जुना इंटरचेंज (पूल व वळणरस्त्यांनी वाहने न थांबवता रस्ते एकमेकांना जोडणारी रचना) आणि त्याला जोडलेला नदीकाठचा वेगवान रस्ता यांची पुनर्रचना हाती घेतली जाते, तेव्हा आखणीची सुरुवात बहुधा मार्गिकांच्या संख्येपासून होते. आधी वाहनसंख्येचा अंदाज बांधला जातो, मग रॅम्प, म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणारे जोडरस्ते, आखले जातात आणि त्यानंतर रस्ता व पाणी यांच्यामध्ये जी पट्टी शिल्लक राहील, ती पादचाऱ्यांच्या आणि झाडांच्या वाट्याला येते. माझे आग्रहाचे म्हणणे असे, की हा क्रम उलटा करावा. पात्रालगतची पट्टी किती रुंद हवी आणि वस्तीतली माणसे नदीपर्यंत कोठून चालत येतील, हे प्रथम निश्चित करावे व मग रॅम्प बसवावेत.

हे अव्यवहार्य नाही, कारण जुन्या इंटरचेंजने अडवलेली बरीचशी जमीन केवळ वेगासाठी खर्ची पडलेली असते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट गृहीत धरला, तर त्रिज्या किमान चौपट ठेवावी लागते. त्यातून क्लोव्हरलीफ पद्धतीत, म्हणजे चार पाकळ्यांसारखे गोल वळसे असलेल्या इंटरचेंजमध्ये, एका वळशातून आत येणारी आणि पुढच्या वळशाकडे बाहेर पडणारी वाहने थोडक्या अंतरात एकमेकांना छेदून मार्गिका बदलतात, आणि गर्दीच्या वेळची कोंडी व धडकाधडकी यांचे एक मोठे कारण तेथेच असते. हेच रॅम्प सिग्नल असलेल्या साध्या चौकात आणून सोडले, तर ही छेदाछेदी थांबते, जमीन मोकळी होते आणि पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्याची हक्काची वेळ मिळते. वाहनचालकांना काही काळ थांबावे लागेल हे खरे, परंतु ती किंमत मला रास्त वाटते.

नदीकाठच्या रस्त्याविषयी तर अनेक शहरांचा अनुभव हाताशी आहे. अमेरिकेतील पोर्टलंडने विलामेट नदीकाठचा हार्बर ड्राइव्ह १९७४ मध्ये बंद केला आणि तेथे उद्यान उभारले. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने २००३ ते २००५ या काळात उन्नत महामार्ग पाडून त्याखाली झाकला गेलेला सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडा केला. मात्र २००४ मध्ये तेथील बससेवेचीही मुळापासून फेररचना झाली होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते आणि माझ्या मते ते विसरता कामा नये. पॅरिसने २०१६ मध्ये सीन नदीच्या उजव्या काठावरचा द्रुतगती रस्ता मोटारींना बंद केला. स्पेनमधील माद्रिदने एम-३० हा वर्तुळाकार महामार्ग नदीलगत भुयारात नेला व वर उद्यान केले, पण भुयाराला पाणी उपसणारे पंप आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा कायमची सांभाळावी लागते, म्हणून हा पर्याय शेवटीच विचारात घ्यावा.

रस्ता पूर्ण बंद करणे सर्वत्र शक्य होणार नाही. तेथे निदान तो पाण्यापासून मागे सरकवून, मार्गिका कमी करून, सिग्नल व पदपथ असलेला शहरी रस्ता करावा. पूरक्षेत्रात भराव टाकून व संरक्षक भिंत बांधून रस्ता रुंद केला, की पुराच्या पाण्याची पसरण्याची जागा कमी होते आणि फटका समोरच्या काठाला किंवा खालच्या वस्तीला बसतो. शिवाय पावसाबरोबर डांबरी पृष्ठभागावरील तेल, टायरची झीज व धातूंचे कण थेट पात्रात जातात. काठावर मातीची व झाडोऱ्याची रुंद पट्टी असेल, तर त्यातला बराच गाळ तेथे अडतो. महामार्ग एका खात्याकडे आणि नदीकाठ दुसऱ्याकडे असल्याने या गोष्टी दोन वेगळ्या नस्तींत अडकतात, म्हणून दोन्हींचा आराखडा एकच असावा.

अशा प्रकल्पाचे पर्याय नागरिकांपुढे मांडताना वाहनांचा किती वेळ वाचेल एवढेच न छापता, प्रत्येक पर्यायात काठाची पट्टी किती मीटर उरते, पूररेषेच्या आत किती भराव पडतो आणि वस्तीतून पाण्यापर्यंत चालत जाण्यास किती वेळ लागतो, हेही त्याच तक्त्यात द्यावे. हरकती व सूचना मागवायच्या त्या रॅम्पची जागा पक्की होण्यापूर्वी मागवाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक