वहीतलं ते पान

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, खीरगंगेला गांजाचे दोन झुरके मारले आणि डोंगर पहिल्यांदा माझ्याशी बोलला." मी गप्प झाले ती रागाने नाही. हे तू मला सांगितलंस म्हणूनच आधी गळा दाटून आला. पण फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखा हा विषय नाही. हिमाचलातल्या हामटा पासच्या ट्रेकला निघण्याआधी हे पत्र निवांत वाच.

आधी माझं सांगते. 1995 च्या डिसेंबरात आम्ही सातजण पाचनईवरून हरिश्चंद्रगड चढलो होतो. रात्री कोकणकड्यावर एकाने चिलीम भरली, ती फिरत फिरत माझ्याकडे आली आणि मी ओढली. कड्याखालून येणारा वारा अंगातून आरपार जातोय असं वाटलं. तारे हाताशी आले. मला रडू फुटलं. त्या घडीला ते सगळं मला मनापासून खरं वाटलं होतं, म्हणून तुझा अनुभव मी खोटा ठरवणार नाही.

मी प्रत्येक ट्रेकची वही लिहिते, हे तू लहानपणापासून बघतोयस. त्या रात्रीच्या पानावर एकच ओळ आहे: "सगळं एकच आहे." पुढे काही नाही. वारा कुठून कुठे वळला, खाली कोकणात कुठल्या वाडीचे दिवे दिसत होते, थंडी कितपत होती, एक अक्षर नाही. आणि आज आठवायला बसले तर वहीत नाही ते डोक्यातही नाही. गांजातलं टीएचसी नेमकं तिथेच घाव घालतं. आत्ता अनुभवलेलं आठवणीत नेऊन ठेवण्याचं मेंदूचं काम ते बिघडवतं, वेळेचा अंदाजही चुकवतं. क्षण मोठा वाटतो आणि हातात राहत नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी त्याच जागी गेले आणि मुद्दाम एकटी कड्यापासून जरा मागे बसले. पहिला तासभर काहीच झालं नाही. पायाला मुंग्या आल्या, कंटाळा आला, घरच्या कटकटी डोक्यात फिरत राहिल्या. उठावंसं वाटलं, तरी उठले नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. पाकोळ्या कड्याच्या भेगांत शिरत होत्या. आधी घोळक्याने घिरट्या, मग एकेक करून आत. ऊन कललं तसा खालून येणारा वारा मंदावला आणि एका क्षणी पूर्ण थांबला. गवताचं पातंही हलेना. थोड्या वेळाने पाठीमागून, पठारावरून, गार वारा सुरू झाला आणि त्याच्याबरोबर वाळत चाललेल्या गवताचा वास आला. कडा तापतो तेव्हा हवा वर चढते, थंडावतो तेव्हा खाली घसरते. पुस्तकात वाचलेलं मी त्या दिवशी मानेवर अनुभवलं. वहीची चार पानं भरली आहेत. तीस वर्षं झाली, ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते.

तो कंटाळ्याचा तास तुला नको असतो, हे मी ओळखून आहे. झुरका मारला की तो टळतो. पण सोन्या, डोंगराची ओळख त्या तासातच होते रे. तो टाळलास तर तुझी गाठ पडते ती तुझ्याच मनातल्या उसळीशी. डोंगर तिथे नुसता पडद्यासारखा मागे उभा असतो.

आता जिवाचं बोलते. 2007 साली तुला आजीकडे ठेवून मी आणि बाबा हिमाचलात चंद्रताल तळ्याला गेलो होतो. मनाली साधारण 2,000 मीटरवर, चंद्रताल 4,200 च्या वर, आणि आम्ही घाई करून गाडीने दोन दिवसांत वर पोचलो. चूक तिथेच झाली. गटातल्या एकाने संध्याकाळी चरस ओढला. रात्री जेवताना तो अडखळत बोलू लागला, तंबूतून बाहेर पडताना झोकांड्या द्यायला लागला. सगळे हसले. मीही हसले. "चढलीय त्याला, झोपू दे," असं म्हणून आम्ही त्याला पांघरूण घातलं. तासाभराने बाबांनी त्याला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. त्याला चार पावलं टाकता येईनात. नशा एव्हाना उतरायला हवी होती, तोल मात्र आणखी बिघडला होता. मेंदूला सूज येत होती. त्याच रात्री गाडी काढून त्याला छत्रूपर्यंत खाली आणलं, म्हणून तो वाचला. ते हसू मला अजून छळतं.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, सुस्ती, तोल जाणं, उंची बाधल्याची हीच लक्षणं आणि नशेचीही हीच. नशेत असलेल्याला स्वतःला कळत नाही आणि बरोबरच्यांना शंका येत नाही. त्यात 4,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि गांजाने छातीचे ठोकेही वाढतात. हामट्याची खिंड 4,270 मीटरवर आहे. वाटेतला ओढा ओलांडायचा तो भल्या सकाळी. उन्हं चढली की बर्फ वितळतं आणि दुपारी तोच ओढा कमरेला लागतो. तिथे वेळेचा अंदाज चुकून चालत नाही.

तुझ्या मोठ्या मामाचं आजारपण तू पाहिलंयस. त्याला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. ज्या घरात असा आजार आहे त्या घरातल्या तरुण मुलांना गांजाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि तू तेवीसचा आहेस. तुझे मित्र ओढून सुखरूप परत येतील, तू त्यांच्यावर जाऊ नकोस. यावर मी आणखी लिहू शकत नाही.

ट्रेक झाल्यावर तुम्ही मलाण्याला जाणार आहात म्हणे. जरूर जा. मी 1999 मध्ये चंद्रखणी ओलांडून तिथे उतरले होते. जमलू देवतेचं गाव, त्यांची कणाशी भाषा आसपासच्या कुठल्याच गावाला समजत नाही. देवळाला, भिंतींना हात लावायचा नाही, ते पाळ. एका ओट्यावर बसलेल्या माणसाचे तळहात मला आठवतात, चरसासाठी गांजाच्या झाडाचे तुरे चोळून चोळून काळेकुळकुळीत झालेले, त्या काळ्या थरात हाताच्या रेषाही बुजून गेल्या होत्या. डोंगरातल्या लोकांनी या झाडाच्या सालीचे दोर वळले, पुला नावाचे जोडे विणले, कुमाऊंत बियांची चटणी करतात. आपल्यासारखे बाहेरचे चरस मागत गेले तशी त्या झाडाची बाकीची ओळख मागे पडली. आणि अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याने चरस बाळगणं गुन्हा आहे, शंभर ग्रॅमच्या आत असला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किलोपेक्षा जास्त सापडला तर किमान दहा वर्षं. "भांग चालते ना" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेव, त्या कायद्यातून तुऱ्यांशिवायची पानं आणि बिया तेवढ्या वगळल्या आहेत, तुरे आणि चरस नाहीत.

मी तुझ्याकडून शपथ घेत नाहीये. एक मागते. चिकाच्या मुक्कामी संध्याकाळी तंबूपासून जरा लांब, पण मित्रांच्या नजरेच्या टप्प्यात, दीड तास बस. मोबाइल बंद. काही ओढू नकोस, गाणी लावू नकोस. मग जे दिसलं, ऐकू आलं, ते लिहून मला पाठव. मोडक्या शब्दांत असलं तरी चालेल.

माझी 1995-96 ची वही या पत्रासोबत पाठवतेय. ते एका ओळीचं पान मी फाडलेलं नाही. लोकरीचे मोजे सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव, खाली दाबू नकोस. मनालीत एक दिवस जास्त थांब आणि निघताना फोन कर.

तुझी,
आई